पापलेट, लिंबं आणि लाल रिबीन

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची. बॅग अजून उघडलेलीसुद्धा नाही, पण आधी हे लिहून टाकते. नवी वही घेतली आहे, आणि पहिल्याच दिवशी टाळाटाळ केली तर हिचंही माझ्या पहाटेच्या फिरण्यासारखं व्हायचं.

घर शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मी बॅग ओढत चढत होते तेव्हा उर्मिलाकाकू वरून कठड्यावर वाकून बघत होत्या. पोचल्यावर म्हणाल्या, आमचे हे साठाव्या वर्षी ईझल खांद्यावर टाकून चढायचे, तुमची पिढी जिन्यातच दमते. बाई मला आवडल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि तोंडाने फटकळ.

'हे' म्हणजे मनमोहनकाका. पितळी तांबे, फळं, मासे, काचेच्या बरण्या अशा वस्तू मांडायच्या आणि त्या तैलरंगात रंगवायच्या, एवढंच त्यांनी साठ वर्षं केलं. आम्हा स्टिल लाइफवाल्यांना त्यांचं नाव देवघरातलं. आता ते ब्याऐंशीचे आहेत, हात कापतो आणि माणसं ओळखत नाहीत. त्यांची चार चित्रं अर्धवट राहिली आहेत. ती मी पुरी करायची, आणि बदल्यात तीन महिने इथे राहून त्यांच्या स्टुडिओत माझंही काम करायचं. जानेवारीत त्यांचं प्रदर्शन आहे, त्यात माझंही एक चित्र लागणार आहे. नऊ वर्षं नाशिकच्या शाळेत मुलांना सफरचंदाची सावली कुठे पडते ते शिकवलं. आता बघू, बाईंना स्वतःला काढता येते का.

स्टुडिओ म्हणजे मागची मोठी खोली. उत्तरेला एकच उंच खिडकी, त्यामुळे दिवसभर उजेड सारखा राहतो, उन्हाची तिरीप येत नाही. खिडकीखाली जाड, काळपट टेबल आहे. मोडीत निघालेल्या कुठल्याशा जहाजाच्या फळ्या काकांनी तरुणपणी रे रोडच्या वखारीतून आणल्या होत्या, त्यांचं केलेलं. त्यांच्या साऱ्या मांडण्या याच टेबलावर झाल्या.

काकूंनी जेवणाआधीच नियम सांगितला. टेबलावर आपली किंवा आपल्या माणसाची वापरातली वस्तू ठेवायची नाही. जे मांडायचं ते बाजारातून आणलेलं, घरात कुणी न वापरलेलं. आणि चित्र पुरं झालं की मांडणीतलं काहीही घरात ठेवायचं नाही, काशीबाई ते नेऊन समुद्रात सोडते. मी हसून म्हटलं, माझ्या सासूबाईंचेही असे पंधराएक नियम आहेत. काकू हसल्या नाहीत.

रात्री चैतूशी बोलले. चैत्राली, माझी लेक, सहा वर्षांची, पहिलीत. खालचा समोरचा दात हलतोय आणि तो ती मी परत येईपर्यंत पाडणार नाही म्हणाली. आज निघताना तिने एका वेणीची लाल रिबीन सोडून माझ्या बॅगेच्या पट्ट्याला बांधली, गाठींवर गाठी मारून. म्हणजे तू मला विसरणार नाहीस, असं तिचं म्हणणं. यतीन, माझा नवरा, म्हणाला की गाठी बघता आई सातव्या जन्मीही विसरायची नाही. झोपताना तिला माझ्या कानाची पाळी धरायची सवय आहे, आज कुणाची धरणार विचारलं तर म्हणाली, बाबाची, पण ती केसाळ आहे. मी हसले आणि फोन ठेवल्यावर जरा रडले. आता बॅग उघडते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चार दिवसांत हाताला पुन्हा वळण येऊ लागलं आहे. काकांचं पहिलं अर्धवट चित्र आज पुरं केलं: एक पापलेट, तीन लिंबं, काचेची बरणी.

इथली कामाची रीत मला फार आवडली. मांडणी एकदा मनासारखी झाली की प्रत्येक वस्तूभोवती टेबलावर खडूने रेष मारायची, म्हणजे कुणाचा धक्का लागला तरी वस्तू जागच्या जागी परत ठेवता येते. मासा तर रोज नवा लागतो. माहीमच्या कोळीवाड्यातून काशीबाई येते, पासष्टीची असेल, नाकात मोठी चमकी. कालच्या माशाची लांबी ती दोऱ्याने मोजून नेते आणि सकाळी नऊला तेवढाच नवा आणून खडूच्या रेषेत बसवते. आज म्हणाली, तुज्या कालच्या पापलेटाचा हा जुला भाऊस हाय बग. खरंच जुळा होता, शेपटीपाशी जांभळी झाकसुद्धा तशीच.

शेवटी पांढरा ठिपका ठेवायचा. वस्तूवर जिथे उजेड चमकतो तो. मी मुलांना शाळेत सांगायची की तो ठिपका ठेवेपर्यंत फळ नुसतं चित्रातलं असतं, ठेवला की पाणी सुटतं. दुपारी तीनला लिंबावर ठिपका ठेवला आणि मला स्वतःलाच तोंडाला पाणी सुटलं. काशीबाई सगळं उचलून न्यायच्या आत मी एक लिंबू लपवलं. सरबताची हुक्की आली होती. कापलं तर रस भरपूर, पण चव नाही. नळाचं पाणी प्यावं तसं. अंगठा दाबून वासही घेतला, काही नाही.

जिन्यात एक मांजर आहे, काशीबाईच्या पाटीमागे रोज मिनतवाऱ्या करत फिरते. आज पाटीत आपलं ते पापलेट होतं. मांजरीने हुंगलं आणि पायरीवर जाऊन पाठ करून बसली. काशीबाईला मी विचारलं तर तिने पदर खोचला आणि म्हणाली, चितारलेलं खात नाय ती. लिंबाचं मी कुणाला सांगितलं नाही. बाजारात असली फुसकी लिंबं हल्ली सर्रास मिळतात.

सोमवार, १० नोव्हेंबर

दुसरं चित्रही झालं. यतीनला फोटो पाठवला तर म्हणाला, तू माणसात आलीस. माझं उलटं आहे हे त्यालाही ठाऊक आहे. मी बघायला लागले की मला माणूस दिसत नाही, कडा आणि सावल्या दिसतात. लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे टक लावून बघत होते, त्याला वाटलं प्रेमाने, मी त्याच्या नाकाखालची सावली हिरवट का दिसते ते बघत होते.

आज काकांविषयी लिहायचं आहे. ते दिवसभर पुढच्या खोलीत आरामखुर्चीत असतात. रंगांचं सगळं लख्ख आठवतं. कुठल्या साली कुठल्या कंपनीची क्रिम्झन ट्यूब खराब निघाली तेही सांगतील. काकूंना मात्र ओळखत नाहीत. त्यांनी चहा दिला की हात जोडून आभार मानतात आणि विचारतात, आपण कोण. रोज, दोन्ही वेळा. काकू रोज सांगतात, मी उर्मिला. ते म्हणतात, छान नाव आहे. मुलाबद्दल विचारतात, नील अजून पार्कातून खेळून आला नाही का. नील बावन्न वर्षांचा आहे आणि कॅनडात असतो.

पुढच्या खोलीच्या भिंतीवर काकांचं एक लहान चित्र आहे, मी पाहिलेल्यांत सर्वांत सुंदर. काकूंचा चष्मा, त्यांचा कप आणि अर्धवट सोललेलं संत्रं. चष्म्याच्या काचेत खिडकी आहे आणि खिडकीत कोणीतरी उभं आहे असं वाटतं. ते फक्त काकू पुसतात, मला हात लावू देत नाहीत. मी विचारलं की हा चष्मा तर वापरातला, मग तुमचा नियम. काकू म्हणाल्या, नियम त्यानंतरचा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज बालदिन म्हणून चैतूच्या शाळेत वेशभूषा होती. ती भेंडी झाली होती. फोनवर अर्धा तास भेंडीचं भाषण ऐकवलं.

माझं स्वतःचं चित्र सुरू केलं आहे आणि ते मेलेलं आहे. पापलेट, तीन लिंबं, पितळी तांब्या, करड्या कापडाच्या चुण्या. सगळं जिथल्या तिथे आणि सगळं मुडद्यासारखं. खाली डावीकडे काहीतरी हवं आहे. काका वॉकर घेऊन हळूहळू आत आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, इथे लाल. तळहाताएवढं, मऊ, दुमडलेलं. माणसाला ओळखत नाहीत आणि चित्राचं दुखणं एका नजरेत ओळखतात.

लाल शोधत मी काल लालबागला जाऊन आले. मिरची गल्लीत बेडगी, काश्मिरी, लवंगी अशा तीन जाती घेतल्या आणि शिंकत परत आले. मांडून पाहिल्या, कोरड्या दिसतात. टोमॅटो बाजारू. लाल कापडाचा नवा तुकडा आणला, तो कडक, दुकानातला वाससुद्धा चित्रात दिसेल असा. वापरून मऊ झालेलं काहीतरी हवं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मी रिबीन मांडली.

बॅगेच्या पट्ट्याला ती पंधरा दिवस लटकत होती आणि मला दिसली नव्हती. आज सकाळी दिसली. गाठी सोडायला वीस मिनिटं लागली. वेणीत बांधून बांधून तिला ज्या चुण्या पडल्या आहेत त्या विकत मिळणार नाहीत. खाली डावीकडे, पापलेटाच्या तोंडापासून चार बोटांवर ठेवली आणि सगळं टेबल जागं झालं. मी एकटीच हसत सुटले.

नियम मोडला हे कळतंय. पण काकूंना दिसणार नाही, कॅनव्हास मी भिंतीकडे तोंड करून ठेवते आणि रिबीन संध्याकाळी उचलते. खडूची रेष आहेच. आणि रिबीन म्हणजे काही कुणाचा चष्मा नव्हे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

झालं. चार वाजता रिबिनीच्या वरच्या घडीवर पांढरा ठिपका ठेवला आणि मागे सरले. मी आयुष्यात इतकं चांगलं काही केलेलं नाही. हे फुशारकीने लिहीत नाही. बघताना मला माझीच भीती वाटली. लाल रंगाला ऊब आहे, हात लावला तर नुकती कुणाच्या केसांतून काढल्यासारखी लागेल. प्रदर्शनापर्यंत वाळावं म्हणून रंगात ड्रायर घातला होता, एरवी जाड थर महिना महिना ओला राहतो.

संध्याकाळी चैतूचा फोन. दात पडला म्हणाली. मी विचारलं, कुठला गं. ती म्हणाली, मी तुला किती वेळा सांगितलं होतं. यतीनने फोन घेतला आणि म्हणाला, दमलेली दिसतेस. खरंच दमले आहे. रिबीन परत पट्ट्याला बांधली. बांधताना क्षणभर प्रश्न पडला की ही इथे मुळात बांधली कुणी. मग आठवलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

काहीतरी बिघडलं आहे. नीट लिहून काढते.

सकाळी फोन वाजला, पलीकडून लहान मुलीचा आवाज. मी विचारलं, कोण हवंय. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करते आहे. मी गंमत करत नव्हते. दोन-तीन क्षण मला खरंच कळलं नाही.

नंतर डोळे मिटून तिचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. फ्रॉक येतो, दप्तर येतं, चेहऱ्याच्या जागी करडं कापड. फोनमधला फोटो पाहिला की कळतं, हो, हीच. फोन खाली ठेवला की जातं. वहीचं पहिलं पान वाचलं. कानाच्या पाळीचं लिहिलं आहे. अक्षर माझं. मला असं काही घडल्याचं आठवत नाही. तिला जन्म दिला त्या दिवशी पाऊस होता की ऊन, तेही नाही. मला भयंकर भीती वाटते आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काकूंना सगळं सांगितलं. रिबिनीचं ऐकताच त्या खाली बसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. आठ वर्षांपूर्वी काकांनी त्यांचा चष्मा आणि कप रंगवला. महिनाभरात काका त्यांना ओळखेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मग काकांनी माळ्यावरून नीलची लहानपणची बॅट काढली, तो दहा वर्षांचा असतानाची. पांढरा ठिपका ठेवला आणि नीलही त्यांच्या आठवणीतून जायला लागला. तेव्हा काकूंना उमगलं. चित्र ओलं होतं. त्यांनी नाइफ घेऊन खरवडायला घेतलं, अर्धं निघालं आणि काका आडवे आले. जेवढं निघालं तेवढा नील परत आला, दहा वर्षांचा, पार्कात खेळायला गेलेला. उरलेला आला नाही. चष्म्याचं चित्र तोवर कडक वाळलं होतं, त्याला नख लावूनही काही झालं नाही. मी विचारलं, मग ते भिंतीवर का ठेवलंत. म्हणाल्या, त्यांच्याजवळ मी जी होते ती आता तिथेच आहे, फेकू कशी.

त्या टेबलावर रंगवलं की वस्तूतलं जे असतं ते चित्रात जातं. लिंबातला आंबटपणा. माशाचा वास. रिबिनीत काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

आधी का नाही सांगितलं म्हणून मी ओरडले. काकू म्हणाल्या, तू हसली असतीस, तू नियमालाच हसलीस.

ओलं आहे तोवर खरवड, आत्ताच्या आत्ता, असं म्हणून त्यांनी नाइफ हातात दिली. कडा वाळल्या आहेत, घड्यांतला जाड रंग अजून ओला आहे. मी चित्रासमोर उभी राहिले. उजेड जाईपर्यंत उभी होते. उद्या.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज एक कोपरा खरवडला. रिबिनीचं खालचं टोक, करंगळीएवढं.

आणि ती आली. पाळी धरलेली तिची बोटं, थोडी चिकट, दुधाबिस्किटाची. नाकातून येणारा बारीक आवाज. मी जमिनीवर बसून हमसून रडले. चैतू. माझी चैतू.

आणि मग — लिहायची लाज वाटते — उठून पाहिलं तर चित्राला भोक पडल्यासारखं दिसत होतं. सगळा तोल गेला होता. नजर तिथेच अडखळत होती. मी म्हटलं, नुसतं सारखं करून ठेवते, उद्या सगळंच एकदम खरवडीन. लाल घेतला. ड्रायर घातला. तो कोपरा पुन्हा रंगवला.

आधीपेक्षा चांगला झाला.

आता बोटं आठवत नाहीत. वर लिहिलं आहे म्हणून माहीत आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घरात मासे नाहीत. तरी काशीबाई आली. आत आली नाही, पाटी जिन्यात ठेवून उंबऱ्याबाहेरून म्हणाली, तुज्या पोरीची आण हाय तुला, खरवड ते. काकूंनीच सांगितलेलं दिसतं.

दुपारी काकू नाइफ घेऊन आल्या. मी त्यांचा हात धरला. जरा जोरात धरला. मनगट लाल झालं त्यांचं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हेही असेच आडवे आले होते.

स्टुडिओची किल्ली आता माझ्याकडे आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

चित्र वाळलं. नख रुतत नाही.

कशासाठी नख रुतवून बघत होते कोण जाणे. आधीच्या पानांवर 'खरवड' असं माझ्या अक्षरात लिहिलं आहे. इतकं चांगलं चित्र कोण खरवडेल.

यतीनचा फोन होता. नवरा. त्याला ओळखते, त्याच्या नाकाखालची सावली हिरवट आहे. तो सारखं एकच विचारत होता, तिच्याशी का बोलत नाहीस. मी म्हटलं, कोणाशी.

फोनमध्ये एका मुलीचे सातशे फोटो आहेत. एकातही उजेड धड नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

पार्कात सहा तारखेचे मांडव पडू लागले आहेत. खिडकीतून पांढऱ्या कापडाचा उजेड आत येतो, थंड, सुरेख.

काकूंनी आरशावर कागद चिकटवला आहे. तुला मुलगी आहे. चैत्राली. सहा वर्षांची. खाली दोन रेघा. कागद पांढराफटक, डोळ्यांवर येतो. काढला. पुन्हा चिकटवला त्यांनी. पुन्हा काढला.

संध्याकाळ झाली की डाव्या कानाची पाळी खाजते. खोबरेल लावलं. जात नाही. कुणीतरी धरावी असं —

काहीतरी मोठं हरवलं आहे आणि काय ते कळत नाही. घर उघडं टाकून आल्यासारखं. रडू येतं, कशाचं ते —

काम केलं की बरं वाटतं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

नवी मांडणी. जमत नाही. तांबे, फळं, मासे — पुरे झाले. काका दारात येऊन म्हणाले, जिवंत काहीतरी हवं.

फोन बंद करून ठेवला. सारखा वाजत होता.

वहीतली सुरुवातीची पानं वाचली. ही बाई सुखी दिसते.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळचे अकरा. उजेड उत्तम.

यतीन आला आहे. बाहेर काकूंशी बोलतो. काकू रडताहेत. त्याच्याबरोबर एक मुलगी आहे, ती आपली आपण आत आली. दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. पिवळा फ्रॉक. दोन वेण्या. एकीला लाल रिबीन, दुसरी मोकळी.

मोकळी वेणी — तिथेच नजर अडकली.

टेबलावर बसशील का विचारलं. लगेच बसली. मी सांगेन ते सगळं करीन म्हणाली. खालचा एक दात नाही. तिथली सावली गुलाबी.

कडी लावली. मांडणी हलायला नको.

तिच्याभोवती खडूची रेष मारली. छोटीशी रेष. लवकर पुरी झाली.

साडेबारा. लहान कॅनव्हास, एका बैठकीत होईल. ती सारखी एकच हाक मारत होती. मी म्हटलं, ओठ हलतात. तेव्हापासून गप्प आहे. गुणी आहे.

केस सारखे करायला वाकले तेव्हा तिने हात वर करून माझ्या कानाची पाळी धरली. खाज थांबली. किती दिवसांनी — मी तशीच वाकून राहिले. का कोण जाणे, डोळे भरले. मग मांडणी मोडेल म्हणून हात काढला तिचा. रेषेच्या आत ठेवला.

दार वाजतंय. खांदे देताहेत दाराला. माझं नाव. आणि दुसरं कुठलं तरी —

हुबेहूब झाली आहे. गाल, वेणी, पिवळा. डोळ्यांतले दोन पांढरे ठिपके तेवढे राहिले.

एक ठेवला.

तिने मला विचारलं, तुम्ही कोण.

मी म्हटलं, हलू नकोस, एकच राहि—